मालक मयत, सबब परत

नोव्हेंबर लागला की आमच्या शाखा डाकघरात पत्रांपेक्षा पेन्शनवाली माणसं जास्त येतात. हयातीचा दाखला द्यायचा असतो ना. ज्यांना चढ चढून येववत नाही त्यांच्या घरी मीच जाते. बोटांचं मशीन, मोबाइल, थोडे सुटे पैसे, एवढं पिशवीत टाकलं की झालं. फी ७० रुपये. देवगड तालुक्यात ब्रँच पोस्टमास्तर म्हणून मला अकरा वर्षं झाली आणि नोव्हेंबरची ही पायपीट मला मनापासून आवडते. वर्षभरात ज्यांच्या दाराशी कोणी थांबत नाही, त्यांच्याकडे त्या निमित्ताने बसणं होतं.

त्या दिवशी पिशवीत आणखी एक कागद होता. परत आलेली मनिऑर्डर.

पाठवणारे आमच्या वाडीतले हवालदार. पंचाहत्तरी ओलांडलेले, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. मी रुजू झाले तेव्हापासून दर महिन्याला सातारा जिल्ह्यातल्या एका बाईंच्या नावे ते मनिऑर्डर करत. आधी एक हजाराची असायची, २०१८ पासून दोन हजारांची. का, कशाची, मी कधी विचारलं नाही. टपालातल्या माणसाने ते विचारायचं नसतं. या वेळी फॉर्मवर शेरा आला होता: ‘मालक मयत, सबब परत.’ मालक म्हणजे ज्याच्या नावे टपाल असतं तो. असे शेरे मी शेकड्यांनी वाचलेत. हा दोन दिवस पिशवीत ठेवून फिरत होते.

सड्यावरून उतरून खळ्यात पोचले तर हवालदार पडवीत सुंभ वळत बसले होते.

“हवालदारानु, आसात मा?”

“आसंय, आसंय. बस चेडवा. चाय येता.”

आधी दाखला उरकू म्हटलं. गेल्या वर्षापर्यंत ते देवगडला बँकेत जाऊन कागदावर सही करून येत. यंदा गुडघ्याने जमेना. त्यांनी आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक, पी.पी.ओ.ची, म्हणजे पेन्शनच्या हुकुमाची, घड्या पडून फाटायला आलेली प्रत, आणि खाली रुमालात गुंडाळलेलं एक चांदीचं पदक. लाल फीत, मधोमध बारीक पांढरी रेघ. पदकावर वर टोक करून उभी संगीन. सेना मेडल. अकरा वर्षं मी या घरी येत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. गावातही फार तर दोघातिघांना असेल. दर २६ जानेवारीला शाळेत कोणाकोणाला खुर्चीवर बसवतात ते मी बघते, म्हणून याचं मला फार वाईट वाटलं.

उजवा अंगठा ठेवला. मशीनने घेतला नाही. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवला, नाही. तर्जनी, मधलं बोट, नाही. पेन्शनीनंतर वीस वर्षं चिऱ्याच्या खाणीवर काम आणि आता सुंभ, रेघा कुठून राहणार? असे हात आमच्याकडे घरोघरी आहेत. म्हटलं, डावा द्या.

डावा हात त्यांनी उलटा करून माझ्यापुढे धरला, आणि मी मशीन ठेवायचं विसरले. चारही बोटांची पेरं आणि तळव्याचा अर्धा भाग काचेसारखा गुळगुळीत. कातडी ताणून बसवल्यासारखी चमकत होती. एकही रेघ नाही.

“ह्या हाताचे ठशे जमालपुराक रवले, चेडवा.”

मग ते बोलले. मी मध्ये काही विचारलं नाही.

१९७१ चा डिसेंबर. हवालदार तेव्हा एकवीस वर्षांचे शिपाई, पहिल्या मराठ्यात. ‘जंगी पलटण’ म्हणतात ती हीच, १७६८ सालची. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला, ढाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर मोर्चे खणले. शहरात पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी त्यांच्या कमांडरला शरण या म्हणून पत्र लिहिलं. ते घेऊन गेला बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचा झहिरुल हक मुन्शी, सायकलवर, पांढरं निशाण लावून. मार खाऊन परत आला, पण उत्तर घेऊन आला. लेखणी ठेवा आणि हातात स्टेनगन घेऊन भेटा, अशा अर्थाचं ते पत्र होतं, आणि कागदात गुंडाळलेली एक गोळी. लढायांच्या गोष्टींत सेनापतींची नावं येतात. मला तो सायकलवाला कितीतरी वेळ डोळ्यांसमोरून हलेना. पत्र पोचवायचं आणि उत्तर आणायचं, हेच तर माझं काम.

१० तारखेच्या रात्री बलूच शहरातून बाहेर पडले ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आले. हवालदार एल.एम.जी. या हलक्या मशीनगनवर दोन नंबर होते, म्हणजे मॅगझिन भरून देणारा, बॅरल बदलणारा. एक नंबर होता साताऱ्याकडचा, लग्न होऊन वर्ष झालेला.

“तेका गळ्याक लागला. गनवरच पडलो. मी तेका बाजूक केलंय आणि गन घेतलंय. ते येतच होते. गन तापली, बॅरल बदलूक होयी, आणि दोन नंबर कोण? दोन नंबर मीच मा! काळोखात हँडल गावना नाय, नळीकच हात घातलंय.” ते थांबले. “दुसरी बॅरल बसली, गन चालाक लागली. मगे जळल्याचो वास इलो. माका वाटला, तेचो कपडो जळता.”

तेवढंच. उजाडल्यावर जमालपूर पडलं. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा ते हाताला पट्ट्या बांधून इस्पितळात होते. किती जण मारले, पदक कोणी लावलं, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही.

काकी चहा ठेवून गेल्या. मी मोबाइलवर चेहऱ्याचं अ‍ॅप उघडलं. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. हवालदार पाठ ताठ करून बसले आणि एकटक बघत राहिले, पहाऱ्यावर बघावं तसे. दोनदा फुकट गेलं. “डोळे मिटा, हवालदारानु. मिटून उघडा.” तिसऱ्यांदा हिरवी खूण आली, त्यांच्या मोबाइलवर संदेश आला. मी प्रमाण क्रमांक पेन्शनच्या पुस्तकाच्या मागे लिहून दिला.

आता दुसरा कागद काढणं भाग होतं. मी तो त्यांच्या हातात दिला, तोंडाने बोलले नाही. त्यांनी चष्मा लावला. शेरा वाचला. कागद उलटा केला, मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. सुंभाचा पिळा मांडीवरून घसरून खाली उलगडत गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“दिवाळीत फोन लागलो नाय,” एवढंच म्हणाले.

मला तेव्हा कळलं की त्या बाई कोण. आणि एक हजाराचे दोन हजार का झाले तेही कळलं. शौर्य पदकांचा मासिक भत्ता ऑगस्ट २०१७ पासून दुप्पट झाला. सेना मेडलचा हजाराचा दोन हजार. म्हणजे भत्त्यातला एक रुपयाही या घरात राहत नव्हता. ज्या घरात गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे नाहीत म्हणून माणूस लंगडतोय, त्या घरात.

मी पाचशेच्या चार नोटा मोजून दिल्या. सही त्यांनी सावकाश केली. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाच पिशवीची चेन लावत बसले.

“थांब. नवो फॉर्म आसा मा?”

“आसा.”

“लिही. पत्तो तोच.” आणि त्यांनी नाव सांगितलं. बाप्याचं नाव, तेच आडनाव.

मी पेन थांबवलं. हे त्या रात्री गनवर पडले तेच नाव ना, असं विचारायचं धाडस होईना. हवालदारांनी ते ओळखलं असावं.

“तेचो नातू. बारशाक गेलेलंय मी. आजाचा नाव ठेवलानी.” त्यांनी त्याच चार नोटा माझ्यापुढे सारल्या, आणि कमिशनचे शंभर रुपये डब्यातून वेगळे काढले. “अक्षर बरा काढ हां. बारावीक आसा तो, स्वताच वाचीत.”

मी एकेक अक्षर सुटं काढून नाव लिहिलं.