करपलं, लागलं, खरपूस

लाकूड जळतं, पोळी करपते. जळण्याचा शेवट राखेत होतो. करपणं मात्र कातडीपुरतं असतं. वर काळा डाग आणि आत कच्चं पीठ, असंही होतं, कारण आच वरच्या थरावर जितक्या लवकर चढते तितक्या लवकर आत शिरत नाही.

थालीपिठाचा सगळा खेळ इथेच आहे. ओलावा आहे तोवर पिठाचा थर 100 अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खरपूस रंग-वासाला साधारण 140 तरी लागतात. म्हणजे आधी वरचा थर वाळायला हवा. मोठ्या आचेवर तो झटकन वाळतो, लगेच काळाही पडतो आणि मधलं पीठ चिकट राहतं. म्हणून मधोमध भोकं, भोकांत थेंब थेंब तेल, वर झाकण आणि मंद आच. कडा सुटून आपोआप सरकायला लागली की उलटायचं. खरपूस आणि करपट यांत कधीकधी अर्ध्या मिनिटाचंच अंतर असतं.

दूध करपत नाही, ‘लागतं’. कोणी लावलं, हे क्रियापद सांगत नाही, ही त्याची सोय! दुधातली प्रथिनं तापताना तळाशी बसतात, त्यांचा थर जमतो आणि तोच जळतो. त्यासाठी पातेलं जाड बुडाचं घ्यावं, विसळून न पुसता त्यात दूध ओतावं. लागल्याचा वास आलाच तर ढवळू नये. तळ न खरवडता वरचं दूध हलकेच दुसऱ्या भांड्यात काढावं. फोडणीतलं तिखट मात्र वाचवता येत नाही. ते कडू झालं की फोडणी नवी करावी.

चहाने जीभ पोळते, इस्त्रीचा चटका बसतो, उन्हाने चेहरा रापतो. आणि शेतात? तिथे थोडं जपून बोलावं लागतं. पावसाने ओढ दिली की पीक करपतं. ‘करपा’ पडतो तो उलट ओलाव्याने. भातावरचा करपा ही बुरशी. पान रात्रभर दवाने भिजलेलं राहिलं की ती फोफावते. दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्यासारखा ठिपका, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी, ही तिची खूण. पान भाजल्यासारखं दिसतं, म्हणून पीक अशक्त झालं समजून युरिया टाकला, तर जादा नत्रावर करपा आणखीच पसरतो.