श्वास रोखून पाहा

पाठ्यपुस्तकात श्वसनाचा धडा एका वाक्यात आटोपतो: आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. गुण मिळतात, पण हे वाक्य अर्धवट आहे. आपण हवाच घेतो आणि हवाच सोडतो. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, बाहेर येणाऱ्या हवेत १६ च्या आसपास. म्हणजे आलेल्या ऑक्सिजनपैकी पाऊण हिस्सा शरीर हातही न लावता परत पाठवतं! तोंडाने दिलेला श्वास दुसऱ्याला उपयोगी पडतो, तो यामुळेच. नायट्रोजन तर नुसता फिरून येतो.

बरं, ही हवा ओढतं कोण? फुप्फुसं नव्हेत, ती स्वतःहून फुगू शकत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं, फासळ्या उचलल्या जातात, आतला दाब घटतो आणि हवा आपसूक शिरते. हवा आली म्हणून छाती फुगली, असं आपल्याला वाटतं. घडतं नेमकं उलट.

मला खरी गंमत वाटते ती श्वास रोखण्याची. आधी काहीच होत नाही. मग छातीत कालवाकालव सुरू होते आणि शेवटी तोंड उघडावंच लागतं. ऑक्सिजन संपला, असं वाटतं. प्रत्यक्षात रक्तात तो अजून बऱ्यापैकी शिल्लक असतो. साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडने रक्ताची आम्लता वाढते, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला कळतं आणि तिथून हुकूम सुटतो. ज्याला आपण टाकाऊ म्हणून हिणवतो, तोच इथे पहारेकरी!

म्हणून तर पाण्यात बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेणं घातक ठरतं. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्त आधीच त्याने जवळजवळ भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. मग गुदमरल्याची जाणीव वेळेवर होतच नाही आणि पोहणारा पाण्याखाली शुद्ध हरपतो. एखादी व्याख्या पाठ झाली नाही तरी चालेल, पण हे मुलांना आधी सांगावं.

हृदयाला ‘थांब जरा’ म्हटलं तर ते दाद देत नाही. श्वास मात्र थोडंफार ऐकतो, आणि आपण बोलू शकतो ते त्यामुळेच. हवा झटकन आत घ्यायची आणि बाहेर सोडताना काटकसरीने शब्दांवर खर्च करायची. न थांबता बोलणाऱ्या माणसाला मध्येच काही विचारायचं असेल, तर तो श्वास घेतो तेवढीच संधी.