बांधून ठेवलेली लाइन

काटोल तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सात महिने इंटरनेटविना होती. चार वेळा तक्रार गेली आणि चारही वेळा शेरा एकच: फायबर कट, म्हणजे केबलमधला काचेचा तंतू तुटला. नागपूरहून काच जोडायचं स्प्लायसिंग मशीन, काच कापायचा क्लीव्हर आणि ओटीडीआर घेऊन निघालो तेव्हा माझ्याही कागदावर तेच लिहिलेलं होतं.

ओटीडीआर काचेत प्रकाश सोडतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून बिघाडाचं अंतर सांगतो. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशलहरीवर पडद्यावरची रेष 6.8 किलोमीटरला थेट कोसळली. कट असला की अशीच कोसळते. आधीचे लोक इथेच थांबले असणार. मी 1310 वर पुन्हा लावून पाहिलं. तिथे प्रकाशाची घट, म्हणजे लॉस, जेमतेम तीन डीबी, आणि पुढे रेष थेट पंचायतीपर्यंत! तुटलेली काच दोन्ही लहरींवर तुटलेलीच दिसते. वाकलेल्या काचेतून मात्र 1550 चा प्रकाश फार जास्त गळतो. दोन मिनिटांची तपासणी, पण चारपैकी एकानेही केली नाही. याचा राग मला अजून आहे.

आता जागा शोधायची. ओटीडीआर काचेची लांबी मोजतो, रस्त्याची नाही. चेंबरांमध्ये राखीव गुंडाळ्या असतात. त्या वजा करत मी संत्र्याच्या बागेच्या कुंपणाने पायी निघालो. काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या, त्यामुळे डक्टवर, म्हणजे केबलच्या नळीवर, ताण आला असेल असं वाटत होतं. तेवढ्यात पाण्याच्या नव्या पाइपलाइनचा चेंबर दिसला. आत आमचा डक्ट फाटलेला, आणि केबल पाइपाला बाइंडिंग तारेने करकचून बांधलेली. वळण अंगठ्याएवढं.

"आमीच बांधली भाऊ," पाइपलाइनवाला म्हणाला. "खोदताना दिसली. जेसीबीनं तुटून जाईन म्हून बाजूला घेतली."

त्याने केबल वाचवली होती. कळवणार कोणाला? शेजारच्या मार्कर दगडावरचा फोन नंबर कधीच पुसून गेलेला. मी तार कापली, वळण हातभर रुंद केलं, केबल चेपलेली नाही ना ते बोटांनी चाचपलं. कशी बांधायची ते त्याने विचारलं, मी दाखवलं. स्प्लायसिंग मशीन गाडीतून काढावंच लागलं नाही.

पंचायतीत पोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर उणे 31 वरून उणे 19 डीबीएमवर आली. उणे 27 पर्यंत ओएनटी, म्हणजे फायबरच्या टोकाचं इंटरनेट यंत्र, चालतं. लाल दिवा विझला. सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंनी लगेच सातबारा काढून पाहिला. इतके दिवस लोक त्यासाठी काटोलला जात होते.

निघताना शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे कधी?" शाळा तिथून 200 मीटरवर आहे. पंचायतीत प्रकाश दोन वाटांत विभागणारा 1:2 चा स्प्लिटर लावला तर साडेतीन डीबी जातात. शाळेत उणे 22.5 पोचेल, म्हणजे ओएनटी आरामात चालेल. हा हिशेब अहवालाच्या शेवटी लिहून दिला आहे. त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला.