चौसष्टाचे पासष्ट

मे महिन्यात नागपूरची दुपार घरातच काढावी लागते. बहिणीचा मुलगा सुट्टीसाठी आला होता आणि मोबाइलवर पाहिलेले एक कोडे त्याने कूलरसमोर बसून मला करून दाखवायला घेतले. आलेख कागदावर १३ घरे पायाचा आणि ५ घरे उंचीचा काटकोन त्रिकोण आखून त्याने त्याचे चार तुकडे केले: दोन लहान काटकोन त्रिकोण आणि पायरीसारखे कापलेले दोन तुकडे. हेच तुकडे जागा बदलून मांडले की पुन्हा तसाच त्रिकोण तयार होतो, परंतु तळाशी एक घर रिकामे राहते. कूलरच्या झोताने तुकडे दोनदा उडाले, म्हणून त्यांच्यावर कंपासपेटी आणि माझा अडकित्ता ठेवावा लागला. घर मात्र दर वेळी रिकामेच राहिले. “मामा, एक घर गेलं कुठे?” असे त्याने विचारले, तेव्हा त्याच्या आवाजात गणिताची फजिती झाल्याचा आनंद स्पष्ट ऐकू येत होता.

मी नोकरीभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले असल्यामुळे जी रेषा सरळ दिसते ती सरळ असतेच, यावर माझा फारसा विश्वास नाही. मी त्याला फक्त तुकड्यांची घरे मोजायला सांगितली. त्रिकोणांची १२ आणि ५, उरलेल्या दोघांची ७ आणि ८, एकूण ३२. मग १३ गुणिले ५ भागिले २ केले, तर उत्तर साडेबत्तीस आले. म्हणजे रिकामे घर दिसण्याच्या आधीपासूनच हिशेबात अर्ध्या घराचा घोळ होता आणि तिकडे कोणी पाहतच नव्हते. तुकड्यांतल्या मोठ्या त्रिकोणाचा चढ ८ घरांना ३, लहान त्रिकोणाचा ५ घरांना २, दशांशात ०.३७५ आणि ०.४. हे दोन चढ वेगळे असल्यामुळे दोन कर्ण एका रेषेत येऊच शकत नाहीत. पहिल्या मांडणीत तो ‘कर्ण’ किंचित आत दबलेला असतो आणि दुसऱ्या मांडणीत तेवढाच बाहेर फुगलेला असतो. अर्धे घर इकडचे आणि अर्धे तिकडचे मिळून ते हरवलेले घर होते. एक घर एक सेंटिमीटरचे धरले, तर हा बाक खऱ्या कर्णापासून जास्तीत जास्त ०.७ मिलिमीटर सरकतो. बोथट पेन्सिलीची रेघसुद्धा जवळपास तेवढीच जाड असते. पोलादी पट्टी लावली, की फट लगेच दिसते.

हे कोडे न्यूयॉर्कचे हौशी जादूगार पॉल करी यांनी १९५३ मध्ये रचले. ते जादूगाराला सुचावे, यात मला काही नवल वाटत नाही, कारण सगळ्यांची नजर रिकाम्या घराकडे लावून लबाडी कर्णावर करायची, ही हातचलाखीच आहे. मात्र दृष्टिभ्रमालाही याच माळेत ओवणे मला पटत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या आकृतीत दोन रेषा खरोखर समान असतात. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले बाण काढले, की दुसरी लांब भासते. तेथे कागद खरा असतो आणि डोळा खोटा. शिवाय पट्टीने मोजून खात्री झाल्यावरही डोळा आपला हेका सोडत नाही. करींच्या त्रिकोणात कागदच खोटा असतो, आणि बाक एकदा दिसला की तो पुन्हा लपत नाही.

या त्रिकोणापेक्षाही मला त्याचा जुना भाऊबंद अधिक आवडतो. ८ बाय ८ चा चौरस घ्यावा, त्यातून ८ बाय ३ ची पट्टी कापून ती कर्णावर दुभागावी आणि उरलेल्या ८ बाय ५ च्या भागाचे तिरक्या कापाने दोन समान समलंब चौकोन करावेत. हे चार तुकडे ५ बाय १३ च्या आयतात बसतात, म्हणजे चौसष्टाचे पासष्ट होतात. येथेही कर्णाच्या कडेने एक लांबट, चिंचोळा समांतरभुज चौकोन मोकळा राहतो आणि त्याचे क्षेत्रफळ बरोबर एक घर असते. खरी गंमत आकड्यांच्या निवडीत आहे. २, ३, ५, ८, १३ हे फिबोनाची संख्यांचे क्रमागत पद आहेत, म्हणजे प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते. छंदशास्त्रात मात्रांची गणना करताना जैन पंडित हेमचंद्रांनी बाराव्या शतकातच ही मालिका मांडली होती. या मालिकेतील कोणत्याही पदाचा वर्ग आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचा गुणाकार यांत नेहमी एकाचाच फरक पडतो, हे खगोलशास्त्रज्ञ कॅसिनींनी १६८० मध्ये दाखवले. पदे जितकी मोठी, तितके चढ एकमेकांच्या जवळ येतात आणि ते एक घर अधिकाधिक लांब कर्णावर पसरून दिसेनासे होते.

फरक एकाचाच असला, तरी तो एकदा अधिक आणि एकदा उणा असतो. हे ऐकून भाच्याने लगेच ५ बाय ५ चा चौरस आखला, कारण ३ गुणिले ८ म्हणजे २४ आणि आता घर कमी व्हायला हवे होते. (आधी त्याला हा प्रयोग संत्रा बर्फीच्या चौकोनावर करायचा होता, पण बर्फीचा चुरा होतो, असे सांगून मी तो बेत मोडून काढला.) या वेळी त्याने घरे दोन सेंटिमीटरची घेतली आणि चार तुकडे ३ बाय ८ च्या चौकटीत दाबून बसवले. मध्ये फट कोठेच नव्हती. त्याने तो कागद चिकटपट्टीने जोडला आणि ट्यूबलाइटसमोर धरला, तेव्हा कर्णाच्या कडेने एक काळसर कोर उमटली, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. तेथे कागदाचे दोन थर एकावर एक आले होते.