तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅव्होगॅड्रो हे आडनाव कुठलं?

अकरावीला रसायनशास्त्रात मोल आणि अ‍ॅव्होगॅड्रोचा अंक शिकवून झाला की हा प्रश्न येतोच. अ‍ॅव्होगॅड्रो हे त्या शास्त्रज्ञाचं नाव की आडनाव? त्याचा अर्थ काय? इटलीत अजून या आडनावाची माणसं आहेत का, आणि असली तर सगळी त्याच्याच घराण्यातली का?

आधी सोपी उत्तरं. ते आडनाव आहे. इटालियन उच्चार आवोगाद्रो, जोर ‘गा’वर. शास्त्रज्ञाचं रोजचं नाव आमेदेओ. पूर्ण नाव लोरेंझो रोमानो आमेदेओ कार्लो आवोगाद्रो, क्वारेन्या आणि चेरेतो या गावांचा काउंट. जन्म तुरिनचा, ९ ऑगस्ट १७७६. या आडनावाची माणसं आजही आहेत, पण थोडी, आणि मुख्यतः उत्तर इटलीत. सगळी एका घराण्यातली मात्र नाहीत. हे समजायला आपल्या कुलकर्ण्यांइतकं चांगलं उदाहरण नाही. दोन कुलकर्णी भेटले म्हणून ते भाऊबंद असतील असं आपण धरत नाही. गावोगाव कुलकर्णीपद होतं, म्हणून गावोगाव कुलकर्णी झाले. आवोगाद्रोंचंही तसंच.

मूळ शब्द लॅटिन: आद्वोकातुस, म्हणजे ‘मदतीला बोलावलेला’. अ‍ॅडव्होकेट हा शब्दही त्यातूनच आला. पण मध्ययुगातला आद्वोकातुस पक्षकाराची वाट बघत बसणारा वकील नव्हता. बिशपांकडे आणि मठांकडे भरपूर जमिनी होत्या, पण धर्मगुरूनं शस्त्र धरायचं नाही, रक्त सांडायचं नाही ही चर्चची शिस्त. मग जमिनीच्या तंट्यात न्यायासनापुढे उभं कोण राहणार, गुन्हेगाराला शिक्षा कोण करणार, बिशपाची माणसं घेऊन लढाईला कोण जाणार? यासाठी एक गृहस्थ सरदार नेमत. कार्लोवंशी राजांनी, म्हणजे आठव्या-नवव्या शतकात, ही पद्धत पक्की केली. मोबदला म्हणून त्याला जमीन आणि दंडातला वाटा मिळे. मिळकत चांगली असल्यामुळे पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं आणि पदाचं नाव घराण्याला चिकटलं. सरळ मराठीत सांगायचं तर हे वतन होतं. आल्प्सपलीकडे जर्मन मुलखात याच शब्दाचा ‘फोग्ट’ झाला, आणि फोग्ट किंवा फॉइग्ट हे आडनाव तिकडे मुबलक आहे. म्हणजे फोग्ट आणि आवोगाद्रो हे शब्दाच्या नात्यानं चुलतभाऊ, रक्ताच्या नात्यानं कुणीच नाहीत.

आडनाव उत्तरेचं, हे नकाशा न बघताही त्याच्या अक्षरांवरून सांगता येतं. लॅटिनमधल्या दोन स्वरांमधल्या क आणि त या ध्वनींचा उत्तर इटलीच्या बोलींत ग आणि द होतो: ‘आमीका’ (मैत्रीण) हा शब्द व्हेनिसकडे ‘आमीगा’ होतो. तस्कनीत ते क-त टिकतात, म्हणून तिथून आलेल्या प्रमाण इटालियनमध्ये वकिलाला ‘आव्होकातो’ म्हणतात. आवोगाद्रोमधला ग आणि द हा जणू उत्तरेचा शिक्का आहे. शेवटचा ‘र’ मूळ शब्दात नाही. काम करणारा दाखवणाऱ्या ‘-आतोर’ या प्रत्ययाशी गल्लत होऊन तो घुसला असं मानतात. व्हेनिसच्या ‘आवोगादोर’ या रूपात ही गल्लत उघड दिसते. व्हेनिसचे आवोगादोर हे प्रजासत्ताकाचे अधिकारी होते आणि १५०६ पासून उमराव घराण्यांतल्या जन्मांची नोंदवही त्यांच्याच ताब्यात होती. वंशावळ शोधणाऱ्यानं या योगायोगावर थोडं हसून घ्यायला हरकत नाही.

आता शहरं. शास्त्रज्ञाचं घराणं पिएमोंतेतल्या व्हेर्चेल्लीचं. तेराव्या-चौदाव्या शतकात तिथे पोपच्या बाजूचे ग्वेल्फ म्हणजे आवोगाद्रो आणि सम्राटाच्या बाजूचे गिबेलिन म्हणजे तित्सोनी, अशी दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हाणामारी चालली. घराणं वाढलं तसे फाटे फुटले आणि प्रत्येक फाटा आपल्या जहागिरीचं गाव मागे लावू लागला: कोल्लोबियानोचे, काझानोव्हाचे, व्हाल्देंगोचे, क्वारेन्याचे. दुसरं घराणं लोंबार्दीतल्या ब्रेशियाचं. तिथल्या काउंट लुईजी आवोगाद्रोनं १५१२ मध्ये फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. फ्रेंचांनी फेब्रुवारीत शहर परत घेतलं, निर्घृणपणे लुटलं आणि लुईजीचा शिरच्छेद केला. त्याच लुटीत एका लहान मुलाच्या जबड्यावर तलवारीचा वार बसला. तो जगला, पण तोतरा बोलू लागला. ‘तार्ताल्या’ म्हणजे तोतरा. हे टोपणनावच पुढे त्यानं आडनाव म्हणून मिरवलं आणि घन समीकरणं सोडवणारा निकोलो तार्ताल्या म्हणून गाजला. पद आणि व्यंग, इटालियन आडनावांचे हे दोन्ही झरे एकाच शहराच्या एकाच आठवड्यात दिसावेत, हे विरळा. तिसरं घराणं त्रेव्हीझोकडचं, तिथे रूप आवोगारो असं आहे.

यामुळे आडनाव कुठे पसरलं आहे हे बघताना फक्त आवोगाद्रो शोधून भागत नाही. आवोगाद्री हे अनेकवचनी रूप बेर्गामोकडे, आवोगारो व्हेनेतोकडे, आणि आवोगाद्रो पिएमोंतेत व लोंबार्दीच्या पूर्व भागात. एक अक्षर बदललं की प्रांत बदलतो. इटलीत हे सगळीकडेच चालतं. मार्टिनीसारखा शेवटचा ‘-ई’ उत्तर आणि मध्य इटलीत जास्त, स्वर गळून राहिलेला ‘-न’ व्हेनेतोत (त्रेव्हीझान, फुर्लान), ‘-येल्लो’ नेपल्सच्या आसपास, धंदा दाखवणारा ‘-आरो’ सिसिलीतही. आवोगाद्रोचं गृहीतक १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत हिरीरीनं मांडणारा कानिझ्झारो सिसिलीतल्या पालेर्मोचा. त्याच्या आडनावाचा अर्थ वेताच्या चटया विणणारा. आपल्याकडे त्याला बुरूड म्हटलं असतं.

पसाऱ्याचा नकाशा वाचताना सगळ्यात मोठी चूक होते ती आकडा बघण्यात. आडनावांचे नकाशे बहुतेक वेळा टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात. त्यात माणसं नाहीत, जोडण्या मोजलेल्या असतात, आणि मोबाइल आल्यापासून त्याही घटल्या. शिवाय १९५०-६०च्या दशकांत कारखान्यांमुळे तुरिन, मिलान आणि जेनोव्हाकडे अख्ख्या देशातून माणसं गेली, त्यामुळे कुठलंही आडनाव टाका, या शहरांवर ठिपका मोठाच येतो. बघायचं ते प्रमाण. समजा, आठ लाख वस्तीच्या शहरात ४० घरं आहेत. म्हणजे वीस हजार माणसांमागे एक. हजार वस्तीच्या खेड्यात ४ घरं आहेत. म्हणजे अडीचशे माणसांमागे एक. शोध त्या खेड्यापासून सुरू करायचा. तीन-चार शेजारची खेडी अशी दाट दिसली आणि मध्ये एखादं बिशपाचं शहर असलं, तर पदावरून आलेल्या आडनावासाठी तुमचं केंद्र तेच.

गावावरून आलेल्या आडनावाला हा नियम उलटा लावावा लागतो. इटलीत गावाचं नाव आडनाव म्हणून लावणारा माणूस बहुधा त्या गावात सापडत नाही, तिथून बाहेर पडलेला असतो. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावून ओळखणार कोण? आपली ‘-कर’ आडनावं आठवली तर हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

केंद्र सापडलं की कागद. आजपासून मागे मागे जायचं. मधेच उडी मारून मध्ययुगातल्या सरदाराला आपलं शेपूट जोडायचं नाही. संयुक्त इटलीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८६६ पासून सुरू होते. व्हेनेतोत आणि रोमच्या परिसरात १८७१ पासून. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या वेगळ्या वह्या, प्रत्येक वर्षाची सूची, शिवाय दर दहा वर्षांची एकत्र सूची. सुरुवात या दशसूचीपासून करावी, आठवडे वाचतात. सरकारी अभिलेखागारांतल्या पुष्कळ वह्यांची छायाचित्रं ‘आंतेनाती’ (पूर्वज) या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पण नाव टाकून शोध घेतला आणि काही आलं नाही, म्हणजे नोंद नाही असं नव्हे. बहुतेक वह्यांची नावं अजून टंकलेली नाहीत. पानं एकेक उलटावीच लागतात.

१८६६च्या मागे प्रत्येक संस्थानाचा नियम वेगळा. पिएमोंतेत १८३८ ते १८६५ पाद्री दोन प्रती लिहीत, एक चर्चला, एक सरकारला. त्याआधीचा नेपोलियनचा काळ फसवा आहे. १८०२ मध्ये पिएमोंते थेट फ्रान्सला जोडला गेला, म्हणून १८१४ पर्यंतच्या वह्या फ्रेंचमध्ये, जोव्हान्नीचा झाँ झालेला, आणि १८०५ संपेपर्यंत तारखा फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या. ‘वर्ष १२, व्हाँतोझ महिन्याची १०’ म्हणजे १ मार्च १८०४. हे रूपांतर तक्त्यावरूनच करावं, कारण लीप वर्षामुळे एक दिवस इकडचा तिकडे होतो.

त्याच्याही मागे फक्त चर्चच्या वह्या. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या ११ नोव्हेंबर १५६३च्या हुकुमानं पाद्रींवर लग्नाची नोंद ठेवणं बंधनकारक झालं, आणि १६१४च्या पूजाविधीग्रंथानं पाच वह्या ठरवून दिल्या: बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्न, मृत्यू, आणि घरागणिक माणसांची मोजदाद. ही मोजदाद (इटालियनमध्ये ‘आत्म्यांची स्थिती’) सापडली तर सोनं. एका पानावर अख्खं घर वयांसकट मिळतं.

या वह्यांत अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, जुन्या सूच्या पुष्कळदा आडनावानं नव्हे, बाप्तिस्म्याच्या नावानं लावलेल्या असतात. ‘आ’खाली आवोगाद्रो नाही म्हणून वही मिटू नका; प्येत्रो ‘प’खाली असेल. दुसरी, लॅटिन लिहिणारा पाद्री आडनावाचंही लॅटिन करून टाकतो: ‘दे आद्वोकातिस’. जुन्या अक्षरात यू आणि व्ही एकच, म्हणून रूप आणखी अनोळखी दिसतं. तिसरी खास याच आडनावाची: ‘आद्वोकातुस’ ही पदवीही आहे. नावाच्या आधी आला तर तो माणूस नुसता वकील असू शकतो; नावाच्या नंतर आणि ‘दे’ लागून आला तरच आडनाव समजावं, आणि तेही त्याच्या भावाच्या किंवा मुलाच्या नोंदीत पुन्हा दिसलं तर. चौथी, बापाच्या नावाआधीचा शब्द नीट बघा. ‘दी’ असेल तर बाप हयात, ‘फू’ किंवा लॅटिन ‘क्वोंदाम’ असेल तर कैलासवासी. एवढ्या दोन अक्षरांवरून बापाचा मृत्यू कुठल्या दोन नोंदींच्या मधे शोधायचा ते कळतं. बायका लग्नानंतरही माहेरच्याच आडनावानं नोंदलेल्या असतात, त्यामुळे आईचं घराणंही हाताला लागतं. आपल्याकडच्या शोधापेक्षा हे फार सोपं आहे.

एवढं करून एखादा आवोगाद्रो शेतमजूर निघाला तर नवल नाही. पद सरदाराचं असलं तरी आडनावाचा प्रत्येक माणूस सरदाराचा वंशज नसतो. म्हणूनच पैसे घेऊन ‘तुमच्या आडनावाचं मानचिन्ह’ छापून देणाऱ्यांपासून दूर राहावं. चिन्ह आडनावाचं नसतं, एका विशिष्ट घराण्याचं असतं. व्हेर्चेल्लीच्या आवोगाद्रोंचं चिन्ह ब्रेशियाच्या आवोगाद्रोंच्या भिंतीवर टांगून काही साधत नाही. ‘अमुक गावाचा’ या शेपटाबद्दल १९४८च्या संविधानात तरतूद आहे: सरदारी किताबांना मान्यता नाही, पण २८ ऑक्टोबर १९२२ पूर्वीचं गावाचं उपपद नावाचा भाग म्हणून टिकतं. त्यामुळे कुणाच्या कागदावर आजही आवोगाद्रोपुढे गाव दिसलं तर तो थाट नव्हे, कायदेशीर आडनाव. खुद्द क्वारेन्या आणि चेरेतो ही बिएल्ला जिल्ह्यातली खेडी १ जानेवारी २०१९ पासून एका नगरपालिकेत विलीन झाली. आमेदेओचं दफन क्वारेन्यालाच झालं.

दुर्मिळ आडनावं संपतात ती बहुधा मुलींमुळे नव्हे, कायद्यामुळे. पूर्वी मूल आपोआप बापाचं आडनाव घेई. दोन पिढ्या मुलीच झाल्या की शाखा कागदावरून पुसली जाई. २०२२ मध्ये इटलीच्या संविधान न्यायालयानं हा आपोआपपणा रद्द केला. त्या जूनपासून जन्मलेल्या मुलाला आई-बाप दोघांची आडनावं, ते ठरवतील त्या क्रमानं, किंवा दोघांची संमती असेल तर एकच. क्रम आता नोंद करतानाच ठरतो. त्यामुळे यापुढच्या सूच्या चाळताना आवोगाद्रो दुसऱ्या जागीही शोधावा लागेल.