बोगदा, कचेरी आणि रानातली पाटी: जिओकॅशिंगचा तिहेरी दौरा

आधी शब्दाचं बघू. जिओकॅशिंगमधली 'कॅश' आणि खिशातली 'कॅश' मराठीत सारखीच लिहिली जाते, म्हणून इथे सरळ 'डबा' म्हणू. कुणीतरी डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तसा परत ठेवायचा. या छंदातल्या लोकांमध्ये 'ट्रायड' नावाचा दौरा प्रसिद्ध आहे. त्यात तीन ठिकाणं येतात: वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी बोगद्याजवळचा डबा, सिएटलच्या फ्रीमॉन्ट भागातली 'जिओकॅशिंग एचक्यू' ही खेळ चालवणाऱ्या कंपनीची कचेरी आणि ऑरेगनमध्ये जगातला पहिला डबा होता त्या जागेवरची पाटी.

हौशी मंडळी तिन्ही एका दिवसात उरकतात. तसं करू नये. बोगदा सिएटलपासून साधारण ९० किलोमीटर पूर्वेला आहे, पाटी तीनशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला आणि कचेरीचं दार भेटीच्या वेळेतच उघडतं. पहिल्या दिवशी सकाळी बोगदा, दुपारी कचेरी आणि दुसऱ्या दिवशी ऑरेगन असा क्रम बरा. सिएटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडला मुलांकडे उन्हाळ्यात आलेल्या आईबाबांनाही पहिला दिवस जमतो. बोगद्याची वाट जवळपास सपाट आहे, फक्त जाऊन-येऊन सात किलोमीटरच्या वर चाल होते.

निघण्याआधी घरी बसून करायचं काम म्हणजे अक्षांश-रेखांश नीट भरणं. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. या खेळात आकडे अंश आणि दशांश-मिनिटांत देतात. ऑरेगनच्या पहिल्या डब्याचे आकडे असे: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. गाडीच्या नकाशात हेच ४५.१७४६० आणि -१२२.२४८०० असे भरले, तर तुम्ही सुमारे १८ किलोमीटर आग्नेयेला जाऊन पोचाल. मिनिटांना ६० ने भागायचं असतं, म्हणजे खरे आकडे ४५.२९१०० आणि -१२२.४१३३३. ते उणे चिन्हही महत्त्वाचं. आपल्याकडे रेखांश पूर्वेचे असल्यामुळे उणे लावायची सवय नसते, आणि ते विसरलं की नकाशा थेट चीन दाखवतो. अक्षांशाच्या मिनिटातला शेवटचा, तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर जेमतेम पावणेदोन-दोन मीटर. उघड्यावर फोनची चूक तीन ते पाच मीटर असते, झाडीत त्याहून जास्त. म्हणून ॲपमधला दिशादर्शक बाण शून्य अंतर दाखवेपर्यंत गोलगोल फिरण्यात अर्थ नाही. दहा मीटरच्या आत आलात की फोन खिशात घाला आणि डोळे वापरा: मुद्दाम रचल्यासारखे दगड, जागा सोडून पडलेलं ओंडक्याचं साल, झिजलेली पायवाट.

फुकट खात्यावर जिओकॅशिंगच्या ॲपमध्ये सगळे डबे दिसत नाहीत, तेव्हा संकेतस्थळावरही शोधून बघा. डब्याची माहिती, सूचना आणि शोधणाऱ्यांनी लिहिलेले शेवटचे दहा-बारा शेरे फोनवर आधीच उतरवून किंवा त्यांचे फोटो काढून ठेवा. शेवटचे तीन-चार शेरे 'सापडला नाही' असे असतील तर डबा बहुधा जागेवर नाही.

बोगद्यासाठी आय-९० महामार्गावर ५४ क्रमांकाच्या फाट्याने हायाकला उतरायचं. तिथल्या वाहनतळावर डिस्कव्हर पास हा राज्याचा वाहन-परवाना लागतो. बोगदा मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने १९१० च्या दशकात खोदला. लांबी ११,८९४ फूट, म्हणजे साधारण ३.६ किलोमीटर. रूळ गेले आणि आता तिथून पायी, सायकलवर जाता येतं. हिवाळ्यात बर्फामुळे बोगद्याची दारं बंद असतात, साधारण १ नोव्हेंबर ते १ मे. बाहेर ऑगस्टचं ऊन असलं तरी आत दहा अंशांच्या आसपास गारठा, छतातून ठिबकणारं पाणी आणि मिट्ट काळोख. मोबाइलचा दिवा चालेल असं वाटतं, पण तासाभराच्या वाटेत तो बॅटरी खातो आणि परतताना फोन मान टाकतो. माणशी एक डोक्याला बांधायचा दिवा, सगळ्यांत मिळून एक जादा, पाणी न शिरणारं जाकीट आणि लहान मुलांना टोपी एवढं हवंच. उजवीकडून चाला आणि समोरून सायकल आली की दिवा खाली वळवा.

आत उपग्रहांचा संकेत पोचत नाही. पश्चिमेच्या तोंडातून बाहेर आल्याबरोबर बाणामागे धावू नका, तो अजून जुन्याच जागेचा हिशेब करत असतो. उघड्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबा. डबा म्हणजे दारूगोळ्याची लोखंडी पेटी. २००१ मध्ये एका हॉलिवूडपटाच्या जाहिरातीसाठी अशा पेट्या ठिकठिकाणी लपवल्या होत्या, त्यांतल्या अगदी मोजक्या उरल्या. ही २०११ मध्ये गायब झाली आणि काही वर्षांनी हा डबा पुन्हा सुरू झाला. नेमकी जागा इथे लिहीत नाही, तुमच्या शेऱ्यातही लिहू नका.

कचेरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भेटीची वेळ संकेतस्थळावर आधी नोंदवा, आत वहीत सही करा, फोटो काढा, अदलाबदलीच्या पेटीत डोकवा. गाडी लावायला फ्रीमॉन्टमध्ये वेळ लागतो, बसने गेलेलं बरं.

ऑरेगनची पाटी बीव्हरक्रीक गावाजवळ फेलोज रोडच्या कडेला आहे. पोर्टलँडहून तासाभराच्या आतलं अंतर. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी इथे एक काळी बादली अर्धी पुरून ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याचा हवाबंद डबा. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती शोधली. गंमत अशी, की आज डब्यात खाऊ ठेवायला बंदी आहे, कारण वासाने प्राणी डबा फोडतात. पहिल्या बादलीतला तो घेवड्याचा डबा मात्र पुढे सापडला आणि छंदातली पूजनीय वस्तू होऊन मेळाव्यांतून फिरला.

पाटीजवळ रस्ता अरुंद आहे. गाडी पूर्ण कडेला घ्या, कुणाच्या फाटकासमोर लावू नका आणि आजूबाजूच्या खासगी रानात शिरू नका. झुडपांत तीन-तीन पानांचं पॉइझन ओक असू शकतं, अंगाला लागलं की दोन दिवसांनी फोड येतात. लांब पँट घाला, परतल्यावर हातपाय साबणाने धुवा आणि गोचीड बघा.

दोन्ही दिवशी वाटेत छोटे डबेही सापडतील, आणि खरी कसरत तिथेच. करंगळीच्या नखाएवढ्या डबीतली कागदाची गुंडाळी बोटांनी निघत नाही, चिमटा हवा. ओलसर कागदावर जेल पेन पसरतं, बॉलपेन उठत नाही, पेन्सिल चालते. सही झाली की गुंडाळी पहिल्याहून घट्ट वळा, नाहीतर झाकणात कागद चिमटतो, रबरी कडी बसत नाही आणि पहिल्याच पावसात वहीचा लगदा होतो. बंद करण्याआधी कडीवरची माती पुसा.

वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. काही ठेवायचं नसेल तर घेऊही नका, सही पुरे. धातूचा बिल्ला असलेली प्रवासी वस्तू मात्र बक्षीस नव्हे. ती पुढच्या डब्यात पोचवायची असते. नेता येणार नसेल तर क्रमांक टिपून तिथेच सोडा आणि त्या क्रमांकाचा फोटो जाहीर टाकू नका. जवळून माणसं जात असतील तर डबा उचलू नका, बुटाची नाडी बांधत बसा.

वहीत सही नसेल तर 'सापडला' म्हणून नोंद करायची नाही. सापडला नसेल तर तसंही लिहा. त्यात कमीपणा नाही आणि डब्याच्या मालकाला त्याचीच गरज असते. वही भरली, झाकण तडकलं, असं नेमकं कळवा. नुसतं 'धन्यवाद' लिहून कुणाचं काही भागत नाही.

हे बघून पुण्याच्या टेकड्यांवर डबा लपवायची उबळ आली, तर नियम इतकाच: दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटरच्या आत नको, जागेच्या मालकाची परवानगी हवी आणि पाऊस संपला की जाऊन बघणारं कुणीतरी तिथेच राहणारं हवं. सुट्टीत आलेल्या पाहुण्याने डबा ठेवून निघून जायचं नाही. गड, रेल्वे आणि लष्करी हद्दीच्या आसपास विचारच नको. आणि अमेरिकेहून येताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिन इनरीच सामानात टाकू नका. परवान्याशिवाय ते भारतात बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडवतात.