डिझेलचं ॲप बनवताय? आधी टोटलायझर बघा

डिझेल घरपोच देणाऱ्या डीलरचा फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "साहेब, झोमॅटोसारखं ॲप पाहिजे, गाडी नकाशावर पळताना दिसली पाहिजे." दिसेल की, नकाशावर गाडी पळवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. मी बरीच वर्षं पुणे-पिंपरी-चाकण पट्ट्यात हेच करतोय, डीलरचं ऑफिसमधलं सॉफ्टवेअर, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), गाडीवरचा डिस्पेन्सर आणि कस्टमरचं पोर्टल एकमेकांना जोडायचं, आणि नकाशावरून भांडण झालेलं मला तरी आठवत नाही. भांडणं होतात ती लिटरवरून, दरावरून आणि बाकीवरून, म्हणजे कस्टमरकडून किती येणं राहिलंय त्यावरून.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्च २०१८ मध्ये इंडियन ऑइलने डिझेल घरपोच द्यायला सुरुवात केली ती आपल्या पुण्यातच, मग बाकीच्या कंपन्या उतरल्या, स्टार्टअप आले. ट्रकवर ४-६ हजार लिटरची टाकी, मागे पंपावर असतं तसंच डिस्पेन्सर युनिट, नोझल, पावतीचा प्रिंटर. घेणारे कोण, तर जनरेटरवाले (सोसायट्या, हॉस्पिटलं, मॉल), खडी क्रशर, रस्त्याच्या साईट, स्कूल बसवाले. हे सगळं फक्त डिझेलचं, कारण डिझेल क्लास बी मध्ये येतं, म्हणजे फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) २३ अंशांच्या वर, आणि पेट्रोल क्लास ए मध्ये, ते असं गल्लोगल्ली फिरवायची वस्तू नाही. गाडीला परवानगी लागते पेसोची (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर लक्ष ठेवणारं केंद्राचं खातं), ज्यांचं मुख्य ऑफिस आपल्या नागपूरला आहे, आणि मीटरला शिक्का लागतो वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा. हा शिक्का लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर माझं म्हणणं असं आहे की या सगळ्या जोडाजोडीत आकडे मुळात तीनच आहेत आणि प्रत्येकाचा मालक वेगळा आहे. लिटरचा मालक गाडीवरचा मीटर. दराचा मालक तेल कंपनीने सकाळी सहाला लावलेला रेट. बाकीची मालक टॅली. ॲपने यातला एकही आकडा स्वतः बनवायचा नाही, फक्त दाखवायचा. ऐकायला फारच साधं वाटतं, पण निम्मी ॲप्स इथेच आपटतात, कारण डेव्हलपरला गुणाकार करायचा मोह आवरत नाही. लिटर गुणिले रेट त्याने मोबाइलवर केला, टॅलीने स्वतःचं राउंडिंग केलं, दोन्हीत एका पैशाचा फरक आला, आणि कस्टमर कंपनीतल्या अकाउंट्सवाल्या मॅडमनी अख्खं बिल परत पाठवलं. एका पैशासाठी! आणि मॅडमचं बरोबरच आहे, त्यांच्या ऑडिटरला दोन कागदांवर दोन आकडे चालत नाहीत.

आधी लिटर. मीटरमध्ये एक टोटलायझर असतो, गाडीने आजवर एकूण किती लिटर ओतलं त्याचा आकडा, जो फक्त वाढत जातो, मागे येत नाही, आणि त्यावर सील असतं. पहिल्या दिवशी जुन्या डिलिव्हऱ्यांची एक्सेल मागायची आणि बघायचं की एका डिलिव्हरीचं शेवटचं रीडिंग हेच पुढच्या डिलिव्हरीचं सुरुवातीचं रीडिंग आहे का. नसेल तर मधलं डिझेल कुठे गेलं हा प्रश्न ॲपचा नाही, मालकाचा आहे. बऱ्याचदा उत्तर निरुपद्रवी असतं, सकाळी ५ लिटरच्या मापाने टेस्टिंग केलं आणि डिझेल परत टाकीत ओतलं, पण टोटलायझरला काय माहीत, त्याच्यासाठी ते गेलंच. म्हणून ड्रायव्हरच्या ॲपमध्ये 'टेस्टिंग' असं वेगळं बटण पाहिजेच, नाहीतर रोज ५ लिटरची चोरी दिसते आणि बिचाऱ्या ड्रायव्हरवर संशय.

याच रीडिंगने अजून एक मोठी डोकेदुखी सुटते. सोसायटीचा जनरेटर असतो बेसमेंटला, तिथे नेटवर्क शून्य. ड्रायव्हर डिझेल टाकतो, 'पूर्ण झालं' दाबतो, चक्र फिरत राहतं, तो परत दाबतो, परत दाबतो, शेवटी ॲप बंद करून चालू करतो आणि अजून एकदा दाबतो. वर रस्त्यावर आला की फोनला रेंज येते आणि सर्व्हरवर एकाच डिलिव्हरीच्या तीन नोंदी, कस्टमरला तीन बिलं. यावर डेव्हलपर लोक मोबाइलमध्ये रँडम आयडी बनवतात, पण ॲप बंद करून परत उघडलं की तो आयडी नवीन. त्यापेक्षा गाडी नंबर आणि शेवटचं टोटलायझर रीडिंग मिळून एक 'की' (नोंद ओळखायची खूण) करा. एकाच गाडीच्या दोन खऱ्या डिलिव्हऱ्यांचं शेवटचं रीडिंग सारखं असूच शकत नाही, त्यामुळे दुसरी नोंद आली की सर्व्हर शांतपणे म्हणतो, हे आहे माझ्याकडे, पुढे चल. आणि रीडिंग ड्रायव्हरला टाइप करायला लावू नका प्लीज, मीटरच्या कंट्रोलरकडून थेट घ्या. हाताने लिहायला दिलं की ६ चा ९ होतो, आणि तो नेहमी महिनाअखेरीलाच सापडतो.

एक बारीक गोष्ट, पोर्टलवर गाडीतला शिल्लक स्टॉक कस्टमरला दाखवायचा आग्रह काही मालक धरतात, तो मोडून काढा. डिझेल गरमीने फुगतं, अंशामागे साधारण ०.०८ टक्के, म्हणजे ६ हजार लिटरच्या टाकीत तापमान १० अंशांनी बदललं की ५० लिटरच्या आसपास फरक पडतो. पहाटे भरलेली गाडी आणि मे महिन्यातली दुपार, हिशोब जुळणारच नाही आणि कस्टमर विचारणार. त्याला त्याच्या टाकीत किती पडलं एवढंच कळू दे.

आता दर. जून २०१७ पासून इंधनाचा दर रोज सकाळी ६ ला बदलू शकतो. महिनोन्महिने तो हलत नाही हे खरं, पण हलतो तेव्हा सकाळी ६ लाच हलतो, आणि तेवढ्यात तुमचं सॉफ्टवेअर उघडं पडतं. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे तारीख बदलते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे तारखेला रेट बांधला असेल तर साडेपाच ते सहा या अर्ध्या तासातली सगळी डिलिव्हरी नव्या रेटने, चुकीची. स्कूल बसवाले आणि क्रशरवाले नेमके त्याच वेळी डिझेल घेतात. यापेक्षा भारी गंमत ३१ मार्चला होते. १ एप्रिलला रात्री ३ वाजता हॉस्पिटलला डिझेल दिलं, यूटीसीप्रमाणे ते झालं ३१ मार्च, रात्रीचे साडेनऊ, बिल गेलं मागच्या आर्थिक वर्षात. सीए लोकांना फोन करून हे समजावणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

आणि ५:५५ ला नोझल लावलं, ६:०५ ला काढलं, तर कुठला रेट? याचा निर्णय सर्व्हरने घ्यायचाच नाही, मीटरमध्ये व्यवहार सुरू होताना जो रेट लागला तोच त्या व्यवहाराचा, पावतीवरही तोच छापला जातो, तोच उचला. ॲपवर रात्री ऑर्डर करताना जो रेट दिसतो त्याच्याखाली 'डिलिव्हरीच्या वेळचा रेट लागेल' ही ओळ मोठ्या अक्षरात टाका, तळाशी बारीक अक्षरात नको.

टॅलीकडे येऊ. टॅलीला बाहेरून बोलायचं तर एक्सएमएल पाठवायचं, डिफॉल्ट पोर्ट ९०००, वर्षानुवर्षं हेच चालत आलंय आणि चालतंही छान. अडचण तांत्रिक नसतेच. अडचण ही की टॅली अकाउंटंटच्या पीसीवर आहे, तो संध्याकाळी सातला पीसी बंद करून घरी जातो, आणि रात्रभर पोर्टलवरची बाकी जुनी. यावर क्लाउडवर न्या, सर्व्हर घ्या, हे सगळं सांगून होतं, डीलर मान डोलावतो आणि काही करत नाही. मग सरळ उपाय म्हणजे आकड्याखाली वेळ लिहायची, 'बाकी, आज संध्याकाळी ६:४० पर्यंतची'. लोकांना जुना आकडा चालतो, जुना आहे हे लपवलेलं चालत नाही.

बाकी जुळत नाही याचं अजून एक कारण नव्या डेव्हलपरांना माहीतच नसतं. ज्या कंपनीची उलाढाल १० कोटींच्या वर आहे तिने तुमच्याकडून वर्षात ५० लाखांच्या वर माल घेतला की पुढच्या रकमेवर ती ०.१ टक्का टीडीएस कापून पैसे देते, २०२१ पासूनचा नियम आहे. म्हणजे प्रत्येक बिलामागे चिल्लर शिल्लक दिसत राहते, पोर्टल लाल अक्षरात 'थकबाकी' ओरडतं, आणि तिकडचा माणूस चिडतो की आम्ही तर पूर्ण पैसे दिले. टीडीएसला वेगळा रकाना द्या, भांडण संपतं. तसंच डिझेल जीएसटीच्या बाहेर, त्यावर व्हॅट, त्यामुळे बाजारातलं तयार जीएसटी बिलिंगचं टेम्प्लेट जसंच्या तसं उचलू नका, आणि डिलिव्हरी चार्ज लावत असाल तर तो कसा दाखवायचा ते डीलरच्या सीएला विचारूनच ठरवा. आणि हो, मोठ्या कारखान्यांसाठी पीओ (पर्चेस ऑर्डर) नंबरचा रकाना पाहिजेच, बिलावर पीओ नसेल तर पेमेंट पुढे सरकतच नाही.

ओटीपीबद्दल तर मी तासभर बोलू शकतो. सगळ्यांना वाटतं डिलिव्हरीच्या वेळी कस्टमरला ओटीपी पाठवला की झालं काम. पण कस्टमर कोण? अकाउंट सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावावर, डिझेल घेतो वॉचमन, रात्रीचे दोन वाजलेत, लाइट गेलीये, लिफ्ट बंद, आणि ओटीपी आलाय सेक्रेटरीच्या उशाखालच्या सायलेंट फोनवर. ड्रायव्हर म्हणतो "काका, ओटीपी द्या", काका म्हणतात "अरे मला कुठं आलाय, साहेबांना उठवू का?", आणि दोघं बेसमेंटमध्ये बॅटरी धरून उभे. म्हणून ओटीपी माणसाला नाही, जागेला जोडा. एका लोकेशनवर दोन-तीन जणांचे नंबर, त्यातल्या कुणाचाही चालेल, आणि नेटवर्कच नसेल तर त्या जागेचा एक पिन जो ड्रायव्हरच्या फोनमध्ये ऑफलाइन तपासता येतो, फक्त त्या पिनवर लिटरची मर्यादा ठेवा आणि सकाळी सेक्रेटरीला मेसेज जाऊ दे की रात्री काकांच्या पिनवर इतकं डिझेल घेतलं.

मेसेज मराठीत पाठवायचा असेल तर आधी मोजून घ्या, इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, त्यापुढे गेलात की दोन एसएमएसचे पैसे. टेम्प्लेट डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस आधी नोंदवायची टेलिकॉम कंपन्यांची यंत्रणा) नोंदवलेलं असतं, त्यात नंतर कुणी हौसेने 'धन्यवाद' घातलं की मेसेज जाणंच बंद होतं आणि कारण शोधायला दिवस जातो.

क्रेडिट लिमिट संपली की ॲपने ऑर्डर आपोआप अडवावी का, यावर डीलर मंडळी माझ्याशी वाद घालतात. साईटवाल्याची अडवा, खुशाल अडवा. हॉस्पिटलची अडवू नका, तिथे फक्त मालकाच्या फोनवर अलर्ट जाऊ दे आणि हो-नाही त्याने ठरवू दे. हा फरक कस्टमरच्या मास्टरमध्ये (मूळ नोंदीत) एका टिकमार्कने ठेवता येतो, त्यासाठी मोठं काही लागत नाही.

पोर्टल लाइव्ह करायच्या आधी एक तपासणी स्वतः हाताने करा. बिल उघडा, वर ब्राउझरच्या पत्त्यात (लिंकमध्ये) बिलाचा नंबर दिसतो का बघा, दिसत असेल तर एकाने वाढवा आणि एंटर मारा. दुसऱ्या कस्टमरचं बिल उघडलं तर पोर्टल तिथल्या तिथे बंद ठेवा, कारण समोरच्या कंपनीला किती रेटने, किती उधारीवर डिझेल मिळतंय हे बघायला चाकणमध्ये अर्धी जनता बसलेली आहे. मी असं पोर्टल चालू स्थितीत पाहिलंय, कुणाचं ते सांगत नाही.

बाकी ॲप डाउनलोड करा म्हणून कस्टमरच्या मागे लागू नका. फ्लीटवाला करेल, त्याला गाडीनिहाय हिशोब हवा असतो. सोसायटीवाल्याला व्हॉट्सॲपवर पावतीचा पीडीएफ आणि महिन्याचं स्टेटमेंट आलं की तो खूश, त्यात मीटरचं सुरुवातीचं-शेवटचं रीडिंग आणि मीटरच्या फोटोची लिंक द्या. फोटोत तारीख-वेळ आणि तो वैधमापनचा शिक्का दिसू दे, कमिटीच्या मीटिंगमध्ये "डिझेल एवढं लागलंच कसं" हा प्रश्न आला की सेक्रेटरी तोच फोटो काढून दाखवतो.